ऑटोमॅटिक गाडीचं तेल आणि मालकाचा हक्क : ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुलं पत्र

बेंगळुरू

प्रति,
मा. श्री. प्रल्हाद जोशी,
केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री, नवी दिल्ली



हे पत्र मोटारीच्या गिअरबॉक्समधल्या तेलाबद्दल आहे. विषय किरकोळ वाटेल. पण आपलं खातं ज्याला ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणतं, तो हक्क मोटारीच्या बाबतीत कुठे येऊन अडला आहे, हे या तेलावरून जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं दुसऱ्या कशावरून दिसत नाही. आपण धारवाडचे खासदार आहात. गणपतीत, दिवाळीत आणि मे महिन्यात बेंगळुरूहून कोल्हापूर-सांगली-पुण्याकडे निघालेल्या आम्हा मराठी कुटुंबांच्या गाड्या चित्रदुर्ग, दावणगेरे, हावेरी, हुबळी करत आपल्याच गावावरून पुढे बेळगावकडे जातात. त्यांत दहा-पंधरा वर्षांच्या गाड्या पुष्कळ असतात, आणि आता त्या जुन्यांमध्ये ऑटोमॅटिक गाड्याही येऊ लागल्या आहेत. म्हणून हा विषय आपल्यापुढे मांडतो आहे.

माझी गाडी २००९ सालची आहे. पाच गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. २०२४ साली गाडीला पंधरा वर्षं झाली, तेव्हा आरटीओत तपासणी करून घेतली, नूतनीकरणाचे पाच हजार रुपये भरले आणि सरकारने ती आणखी पाच वर्षं रस्त्यावर चालवायला हरकत नाही असं लिहून दिलं. पण तिच्या गिअरबॉक्सचं तेल बदलून घ्यायला गेलो, तेव्हा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, ‘सर, याला तेल बदलावं लागत नाही, लाइफटाइम आहे.’ दुसऱ्या एका ठिकाणी उलटंच ऐकलं : इतक्या वर्षांनी तेल बदललं तर गिअरबॉक्स बसेल, हात लावू नका. तेल कुठल्या प्रतीचं, किती लिटर आणि पातळी कशी बघायची, या तीन साध्या प्रश्नांचं लेखी उत्तर दोन्हीकडे मिळालं नाही. तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो.

मॅन्युअल गाडीच्या गिअरबॉक्समधलं तेल हे मुख्यतः वंगण असतं. ऑटोमॅटिकमध्ये तेलाकडे वंगणाखेरीज आणखी चार कामं असतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये समोरासमोर दोन पंखे असतात. एक इंजिन फिरवतं, तो तेल फेकतो आणि त्या तेलाच्या झोताने दुसरा फिरतो. म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे निघते तीच तेलातून. गिअर बदलताना आतले क्लच दाबले जातात तेही याच तेलाच्या दाबावर. आत तयार झालेली उष्णता बाहेर कूलरपर्यंत नेणं हेही त्याचंच काम. आणि क्लचच्या चकत्यांनी एकमेकींना किती झटक्याने किंवा किती हळुवार पकडावं, हे त्यात मिसळलेल्या रसायनांवर ठरतं. म्हणून हे तेल गिअरबॉक्सचा एक भागच समजावं. तो पातळ आहे आणि झिजतो, एवढंच. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रामॅटिक हा गिअरबॉक्स बाजारात आणला आणि १९४९ मध्ये ‘टाइप ए’ या नावाने या तेलाची प्रत ठरवून दिली. कुठल्याही तेल कंपनीने त्या प्रतीबरहुकूम तेल बनवावं आणि कुणीही ते दुकानातून घ्यावं, अशी ती व्यवस्था होती. तेलाला लाल रंग देण्याची रीतही जुनी आहे. गाडीखाली ठिपका दिसला तर तो इंजिनाच्या तेलाचा की गिअरबॉक्सच्या, हे मालकाला उभ्या उभ्या कळावं म्हणून.

या तेलाचा मोठा शत्रू उष्णता, आणि ती बेंगळुरूत मुबलक तयार होते. हवा इथली थंड, पण रस्ते तुंबलेले. वाहतुकीची मोजणी करणाऱ्या टॉमटॉम या कंपनीच्या २०२२ च्या पाहणीत या शहराच्या मध्यभागात दहा किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटं १० सेकंद लागत होते. जगात फक्त लंडन याच्या पुढे होतं. सिल्क बोर्डला, टिन फॅक्टरीला किंवा हेब्बाळच्या पुलाखाली गाडी रांगत असते तेव्हा कन्व्हर्टरमधला एक पंखा वेगाने फिरत असतो आणि दुसरा जेमतेम हलत असतो. त्या दोघांच्या वेगातल्या फरकाची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. महामार्गावर याच्या उलट होतं. वेग आला की आतला लॉकअप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो, घसरण थांबते, समोरून वारा मिळतो आणि तेल निवांत असतं. बेंगळुरू ते कोल्हापूर सहाशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास गिअरबॉक्सला जड जात नाही. मराठहळ्ळी ते जयनगर रोजचं येणं-जाणं जड जातं. टॉमटॉमचाच वेग धरला तर शहरात दहा हजार किलोमीटर चालायला गाडी सुमारे ४८५ तास चालू राहते. महामार्गावर ताशी सत्तरच्या सरासरीने तेच अंतर १४३ तासांत कापलं जातं. दोन्ही गाड्यांच्या मीटरवर आकडा सारखाच दिसतो, तेलाचं वय मात्र सारखं नसतं.

बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत ‘खडतर वापर’ अशी एक वर्गवारी असते आणि तिच्यात वारंवार थांबत-चालत जाणं मोडतं. बेंगळुरू, पुणे, मुंबईत रोज चालणारी जवळपास प्रत्येक गाडी या वर्गात बसते. पण सर्व्हिस सेंटरला गाडी गेली की तिथे नियमित वापराचं कोष्टक उघडलं जातं, आणि अनेक ऑटोमॅटिक गाड्यांना ‘आयुष्यभराचं तेल’ असं सांगून विषय मिटवला जातो. कुणाच्या आयुष्यभराचं? वॉरंटीच्या, पहिल्या मालकाच्या, की आरटीओने मान्य केलेल्या वीस वर्षांच्या? हा आकडा कुठेही छापलेला नसतो. गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी झेडएफ स्वतः सांगते की तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल ८० हजार ते एक लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी बदलावं. तिचेच गिअरबॉक्स बसवलेल्या काही गाड्यांचे मालक मात्र ‘लाइफटाइम’ हा शब्द ऐकत असतात. ज्याने वस्तू बनवली तो एक सांगतो आणि विकणारा दुसरं, अशा वेळी ग्राहकाने कुणाचं ऐकावं हे सांगायला आपलं खातं आहे.

आता काम कसं होतं ते जरा सविस्तर सांगतो. हे काम मालकाच्या किंवा गल्लीतल्या मेस्त्रीच्या आवाक्याबाहेरचं आहे, या समजुतीवरच सगळा कारभार चालला आहे.

रविवारी सकाळी रस्ते मोकळे असताना गाडी पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणायची. तेल कोमट झालं की पातळ होतं आणि तळचा गाळ सोबत घेऊन उतरतं. सपाट फरशीवर गाडी लावायची, हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे द्यायचे, पुढची बाजू उचलून दोन भक्कम जॅक स्टँडवर टेकवायची आणि खाली शिरण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून पाहायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जाऊ नये. तेल काढण्याआधी भरायची वाट मोकळी आहे याचीही खात्री करून घ्यायची. माझ्या गाडीत ती तेलाची पातळी बघायच्या गेजच्या नळीतूनच आहे. ज्या गाड्यांत वेगळा बोल्ट असतो तिथे तो आधी सैल करून बघावा, नाहीतर तेल निघालेलं आणि भरायला जागा नाही अशी गत होते.

माझ्या गाडीच्या ड्रेन बोल्टला चौकोनी खाच आहे, रॅचेटचं तोंड तिच्यात थेट बसतं, गोटी लागत नाही. बोल्ट सुटला की तेल जोरात येतं, म्हणून घमेलं आधीच बरोबर जागी सरकवून ठेवायचं. नवं तेल लालभडक आणि आरपार दिसणारं असतं. वर्षानुवर्षं शहरात भाजलेलं तेल गडद तपकिरी होतं, बोटांत धरलं तर त्याचा चिकटपणा वेगळा लागतो, आणि क्लच घसरत असेल तर जळका वास येतो. बोल्टच्या टोकाला चुंबक असतो. त्याच्यावर करड्या रंगाचा, काजळासारखा मऊ लेप साचलेला असतो. चिमटीत चोळला आणि कण हाताला लागले नाहीत, तर ती रोजची झीज समजायची आणि चुंबक पुसून घ्यायचा. बोटाला टोचणारी कपची किंवा चकाकणारा तुकडा निघाला तर आत काहीतरी तुटतं आहे. तिथे तेल बदलून भागत नाही, गिअरबॉक्स उघडणाऱ्या माणसाकडेच जावं लागतं. एका बोल्टच्या टोकावर एवढी माहिती मिळते. सर्व्हिस सेंटरच्या बिलावर ती कधी छापून येत नाही.

बोल्टला नवा वॉशर घालून तो टॉर्क पान्याने ४९ न्यूटन-मीटरला आवळायचा. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं असतं, अंदाजाने जोर लावला की आटे जातात. निघालेलं तेल मापाच्या डब्यात ओतून मोजायचं, साधारण अडीच लिटर भरतं, आणि तेवढंच नवं लांब नळीच्या नरसाळ्याने आत सोडायचं. मग गाडी खाली घेऊन इंजिन तापू द्यायचं, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक खाचेत क्षणभर थांबवत फिरवायचा, पुन्हा ‘पी’ला, म्हणजे पार्कला, आणायचा आणि गेज बघायचं.

इथेच खरी मेख आहे. माझ्या गाडीत इंजिन बंद करून, एक ते दीड मिनिटाच्या आत गेज बघायचं असतं. दुसऱ्या बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून, लिव्हर ‘पी’मध्ये ठेवून बघतात. काहींत तो ‘एन’मध्ये, म्हणजे न्यूट्रलला, ठेवायचा असतो. एकाची पद्धत दुसऱ्याला लावली तर पातळी चुकते. तेल कमी पडलं तर पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच घसरून जळतात. जास्त झालं तर फिरणारे भाग ते घुसळून काढतात, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही. इतका परिणाम असलेली ही बाब पुस्तिकेत एका ओळीत मावते. तेलाची प्रत, माप, बोल्टचा टॉर्क आणि पातळी बघायची ही पद्धत, यांतलं निम्मंसुद्धा मला गाडीसोबत आलेल्या भारतीय पुस्तिकेत मिळालं नाही. तोच गिअरबॉक्स परदेशात ज्या गाडीत आहे तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सगळं व्यवस्थित मिळालं. गाडी इथली, रस्ते इथले, कर इथे भरलेला, आणि माहिती मात्र परदेशातून आणायची, हे मला मान्य नाही.

ड्रेन बोल्टमधून सगळं तेल निघत नाही, हेही मालकाला माहीत असायला हवं. माझ्या गिअरबॉक्समध्ये एकूण सहा लिटरच्या आसपास तेल आहे. बरंचसं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत अडकून राहतं. अडीच लिटर बदललं तर नव्या तेलाचं प्रमाण सुमारे ४२ टक्के होतं. थोडं अंतर चालवून पुन्हा तसंच केलं की ६६ टक्के, तिसऱ्यांदा ८० टक्के. म्हणून एकदम सगळं उपसण्यापेक्षा थोड्या थोड्या अंतराने दोन-तीनदा बदलणं जुन्या गाडीला मानवतं. ‘तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला’ ही गोष्ट गॅरेजांत सर्रास ऐकू येते. तिच्यामागचं कारण मला असं दिसतं की लोक तेल बदलायला जातात तेव्हा गाडी आधीच घसरू लागलेली असते. झिजलेले क्लच नव्या तेलाने भरून येत नाहीत, आणि दोष तेलाच्या माथी जातो. वेळेवर, गाडी नीट चालत असताना बदललेल्या तेलाने बिघडलेला गिअरबॉक्स मी अजून पाहिलेला नाही.

प्रत्येकाने गाडीखाली शिरावं असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात : टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, दोन क्लचचा डीसीटी, आणि २०१४ मध्ये मारुती सेलेरिओने घरोघरी पोहोचवलेला एएमटी. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, त्याचा क्लच आणि गिअर यंत्राने हलवलेला. त्याला गिअरचं नेहमीचं तेल लागतं. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुल्यांना धरून चालतो, त्याला तशीच पकड देणारं खास तेल लागतं; टॉर्क कन्व्हर्टरवालं तेल घातलं तर पट्टा घसरून खराब होतो. आता होंडा सिटीचं उदाहरण घ्या. २००३ साली आलेल्या सिटीच्या ऑटोमॅटिकमध्ये सीव्हीटी होता, २००८ च्या सिटीत पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, आणि २०१४ च्या सिटीत पुन्हा सीव्हीटी. गाडीचं नाव तिन्ही वेळा तेच. जुनी सिटी घेतलेला माणूस बेंगळुरूच्या जे. सी. रोडवरच्या दुकानात जाऊन ‘सिटी ऑटोमॅटिकचं तेल द्या’ म्हणाला, तर त्याला चुकीचा डबा मिळायला काही वेळ लागत नाही. शिवाय अनेक नव्या गिअरबॉक्सना गेजच नसतं. त्यांत तेल ठराविक तापमानाला, बऱ्याचदा ४० अंशांच्या आसपास, आणून पातळीच्या बोल्टमधून थेंब थेंब गळू लागेपर्यंत भरतात. तापमान बघायला स्कॅनर लागतो. असं काम घरी न करता जाणत्या मेस्त्रीकडे द्यावं, हे मी स्वतःच लोकांना सांगतो.

पण मेस्त्रीकडे तरी माहिती कुठे आहे? आमच्या भागातले एक मेस्त्री कित्येक वर्षांपासून गाड्या दुरुस्त करतात. इंजिनाचा आवाज ऐकून बेअरिंग कुठलं ते सांगतात. ऑटोमॅटिक गाडी दारात आली की हात जोडतात. ‘तेल कौनसा, कितना, कुछ पता नहीं साब. गलत हो गया तो लाख रुपया मैं कहाँ से भरूँ?’ हे त्यांचे शब्द. त्यांच्यात कौशल्याची कमतरता नाही, त्यांना कोष्टक हवं आहे. किर्लोस्करांचा उद्योग १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानातून सुरू झाला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या जोरावर कारागिरांच्या पिढ्या उभ्या राहिल्या. आपल्या दोन्ही राज्यांतली कारागिरी यंत्र खोलून, बघून, मोजून वाढलेली आहे. नव्या गाडीवर हात चालवण्यापासून तिला केवळ एका छापील पानाच्या अभावी रोखलं जात असेल, तर तो या लोकांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

आणि ऑटोमॅटिक ही आता श्रीमंतांची हौस राहिलेली नाही. गुडघे दुखणारे ज्येष्ठ नागरिक, डाव्या पायाने अधू असलेले चालक यांना क्लच दाबता येत नाही; त्यांच्यासाठी ऑटोमॅटिक म्हणजे घराबाहेर पडण्याची सोय. यांतल्या कित्येकांना नवी गाडी परवडत नाही, ते जुनी घेतात. जुन्या गाडीचा गिअरबॉक्स गेला तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या घरात जातो आणि चांगली चालणारी गाडी भंगारात निघते. तेच टाळायला तीन-चार हजारांचं तेल पुरलं असतं.

कायद्याची बाजू आपणाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरी दोन गोष्टींची आठवण देतो. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी निकाल दिला आणि १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तकं आणि तपासणीची यंत्रं स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणं हा स्पर्धेचा भंग आहे, असं आयोगाने म्हटलं. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, हेही त्याच आदेशात होतं. दंडावरून पुढे अपिलं झाली, पण आयोगाने मांडलेलं तत्त्व आजही तितकंच खरं आहे. दुसरी गोष्ट, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क त्यात लिहिलेला आहे. ‘आयुष्यभराचं तेल’ या दाव्याला किलोमीटर आणि वर्षांचा आकडा नसेल, तर तो दावा ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तपासायला हवा.

बाहेरचे देश यात पुढे गेले आहेत. युरोपीय संघाने २००७ च्या नियमाने स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती मिळण्याची तरतूद केली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मतदारांनी २०१२ मध्ये मोटार दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर केला आणि २०१४ च्या करारानुसार कंपन्यांनी त्याच तरतुदी देशभर मान्य केल्या. तिथे गाडीचा मालक एक-दोन दिवसांची वर्गणी भरून कंपनीचं मूळ सर्व्हिस मॅन्युअल वाचू शकतो. त्याच कंपन्या इथेही गाड्या विकतात. माहिती त्यांच्याकडे तयार आहे, फक्त आपल्याला देण्याची सक्ती त्यांच्यावर नाही.

आपल्या खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि मोटारी अशी चार क्षेत्रं निवडली. मोबाइलच्या बाबतीत आपण आणखी पुढे गेलात; स्मार्टफोन आणि टॅबलेट दुरुस्त करायला किती सोपे आहेत हे गुणांनी सांगणाऱ्या निर्देशांकाचा अहवाल मे २०२५ मध्ये खात्याला मिळाला. याचं मनापासून स्वागत आहे. पण फोन तीन-चार वर्षांनी बदलला जातो, मोटार पंधरा-वीस वर्षं चालते. निर्देशांकाची गरज मोटारीला जास्त आहे, आणि तिचा क्रम लवकर लागावा.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीच्या पुस्तिकेत एक पान असावं. त्यावर गिअरबॉक्सचा प्रकार, तेलाची प्रत, बोल्टमधून निघणारं आणि एकूण असं दोन्ही माप, पातळी बघायची पद्धत आणि शहरी वापरात तेल किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचं, हे लिहिलेलं असावं. ‘आयुष्यभर’ म्हणायचं असेल तर आयुष्याचा आकडा द्यावा. जी मॉडेल्स बंद झाली आहेत त्यांची सर्व्हिस मॅन्युअल्स पोर्टलवर माफक शुल्कात उपलब्ध करून द्यावीत. कंपनीला त्यातून आता कुठलाही धंदा सोडावा लागत नाही. सरकार जुन्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण करतं, वीस वर्षांवरच्या गाडीला त्यासाठी दहा हजार रुपये घेतं, तर ती गाडी नोंदणीत आहे तोवर तिची माहितीही मिळाली पाहिजे. तेलाच्या डब्यावर वजनमापाच्या नियमांनुसार माप आणि किंमत छापावी लागते. हे तेल टॉर्क कन्व्हर्टरसाठी आहे की सीव्हीटीसाठी, हेही मोठ्या अक्षरांत छापण्याची सक्ती व्हावी. यातला काही भाग रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. ते मंत्रालय नितीन गडकरी यांच्याकडे आहे. आपण दोघांनी मिळून एक अधिसूचना काढली तरी पुष्कळ काम होईल.

एक गोष्ट वापरलेल्या तेलाची. घरी तेल बदलणारा माणूस ते गटारात ओतेल ही भीती खरी आहे, आणि बेळंदूर तलावाचा फेस व आग पाहिलेल्या या शहरात ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं तेल गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम लागू आहेत. मी माझं तेल जुन्या डब्यात बंद करून ओळखीच्या गॅरेजच्या पिंपात नेऊन देतो. हीच सोय प्रत्येक पेट्रोल पंपावर असावी. तेल विकलं जातं तिथेच ते परत घेतलं जावं.

हे पत्र वाचणाऱ्या ज्या मालकांची ऑटोमॅटिक गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी आहे, त्यांनाही एक विनंती. आपल्या कंपनीला याच आठवड्यात लेखी विचारा : माझ्या गिअरबॉक्सच्या तेलाची प्रत कोणती, माप किती, पातळी कशी बघायची, किती किलोमीटरला बदलायचं? उत्तर लेखीच मागा. ते आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिचा क्रमांक १९१५ आहे.

आपला,
बेंगळुरूत राहणारा एक मराठी वाहनमालक